पाडायचं ठरल्यानंतर

मे महिना अर्धा सरला की नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात एक फाइल कपाटातून खाली उतरते. वर 'धोकादायक इमारती' असं लिहिलेलं असतं. आतली यादी बहुतेक गेल्या वर्षीचीच असते. एखाददुसरं नाव गळालेलं असतं, कारण ती इमारत मधल्या काळात पडली किंवा पाडली गेली. दोन-चार नव्यांची भर पडते. बाकी तीच नावं, त्याच गल्ल्या, तेच मालक आणि तेच भाडेकरू. नोटिसांचा मसुदाही तोच, फक्त तारीख बदलायची.

उंद्रीत ज्यांना सगळे 'इंजिनिअर काका' म्हणतात, त्यांची नोकरी या फाइलीच्या सोबतीनं गेली. बुलडाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातलं हे गाव घाटावरचं. काका इथंच वाढले, पदविका घेऊन नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, पश्चिम विदर्भातल्या वेगवेगळ्या शहरांत बदलीवर फिरले आणि निवृत्त होऊन गावी परतले. रस्ते, नाल्या, पाण्याच्या टाक्या हे सगळं त्यांनी केलं, पण कुणी विचारलं तर ते बोलतात शिकस्त इमारतींबद्दल. रस्ता खचला तर पुन्हा करता येतो, असं त्यांचं साधं कारण.

पाहणीला जाताना ते सोबत फार काही नेत नसत. टेप, टॉर्च, ओळंबा, लहान हातोडी आणि खडू. गिलाव्यावर हातोडी हलकेच वाजवली की आत पोकळी आहे का ते आवाजावरून कळतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा गेलेला तडा आणि गिलाव्यावर पसरलेलं केसासारखं जाळं यांत फरक असतो. पहिला बहुधा पाया हलल्याची किंवा भिंतीवर भलता भार आल्याची खूण, दुसरं नुसतं सुकल्याचं लक्षण. तडा जिता आहे का ते पाहायला त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवायची आणि तारीख लिहायची. पुढच्या फेरीला पट्टी तुटलेली दिसली तर भिंत अजून चालते आहे.

घाटावरच्या काळ्या जमिनीत हे फार पाहावं लागतं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाला दर वर्षी खाली-वर करते. गच्चीवर पिंपळ उगवला असेल तर त्याची मुळं आत कुठपर्यंत गेली आहेत ते बघायचं. लाकडी तुळईचं मधलं अंग ठणठणीत दिसतं, पण भिंतीत घुसलेलं टोक वाळवीनं पोखरलेलं असतं. म्हणून टॉर्च तिथं मारायचा. आरसीसीच्या इमारतीत वेगळा आजार. गज गंजला की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि वरचं काँक्रीट आतून ढकलून पाडतो. मग घरमालक तिथं सिमेंट थापून रंग मारून घेतात. काका म्हणतात, रंग नवा असेल तिथं आधी हातोडी मारावी.

पाहणी संपली की कायदा सुरू होतो. महानगरपालिकांना त्यांच्या अधिनियमाचं कलम २६४, मुंबईला १८८८ च्या कायद्याचं ३५४, आणि नगरपरिषदांना १९६५ च्या अधिनियमाचं कलम १९५. भाषा थोडी वेगळी, आशय एकच. इमारत पडण्याच्या बेतात असेल तर ती दुरुस्त करा, टेकू द्या, रिकामी करा किंवा पाडा, असा हुकूम मालकाला किंवा तिथं राहणाऱ्याला देता येतो. राज्याच्या नगरविकास विभागानं २०१५ साली त्यात प्रतवारी आणली. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे लोक आत असतानाही दुरुस्ती चालेल. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. कागदावर हे चार कप्पे इतके स्वच्छ आहेत की सभेत वाचून दाखवल्यावर कुणालाही वाटावं, आता काम सोपं झालं.

सभेत मात्र हातोडीचा आवाज कुणी विचारत नाही. काकांनी ज्या सभा पाहिल्या त्यांत पहिला प्रश्न यायचा तो मालकाचा माणूस कोण आणि भाडेकरूंचा कोण, असा. एक सदस्य म्हणायचे, एवढा पावसाळा जाऊ द्या. दुसरे म्हणायचे, आमच्याच वॉर्डातली यादी का लांब? तिसरे विचारायचे, ह्या लोकांना ठेवणार कुठं? तिसऱ्या प्रश्नावर सभागृह शांत व्हायचं. मग मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं जायचं, मुख्याधिकारी अभियंत्याकडे पाहायचे, आणि शेवटी ठराव व्हायचा की 'नियमानुसार कार्यवाही करण्यात यावी'. म्हणजे पुन्हा नोटीस.

ती नोटीस दारावर चिकटवायला काका स्वतः जात. त्यांच्या लक्षात आलं की नोटीस वाचून मालकाच्या आणि भाडेकरूच्या चेहऱ्यावर वेगवेगळं काही उमटतं. मालक बरेचदा सुखावतो. यामागचा हिशेब जुना आहे. विदर्भात १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता, नंतर २००० सालापासून राज्यभर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. भाडी पिढ्यानपिढ्या गोठलेली राहिली. पन्नास-शंभर रुपये भाड्याच्या खोलीवर मालक हजारोंचा खर्च कशाला करील? त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये अशीही तरतूद आहे की स्थानिक संस्थेनं पाडण्याचा आदेश दिला तर त्यासाठी मालकाला जागेचा ताबा मागता येतो. शहराच्या मध्यवस्तीतली मोकळी जागा आणि तीवर उभा असलेला गळका वाडा, यांत मोल कशाला आहे हे मालकाला चांगलं कळतं.

भाडेकरूलाही तेच कळतं, म्हणून तो हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की ही माणसं अडाणी आहेत, त्यांना धोका दिसत नाही. काकांचा अनुभव उलटा आहे. तडा कुठला, तो कधीपासून आहे, गेल्या पोळ्याला किती होता आणि आता किती, हे आत राहणारी बाई अभियंत्यापेक्षा नेमकं सांगते. पलंग तिनं त्या भिंतीपासून केव्हाच हलवलेला असतो.

एका जुन्या माडीखाली शिलाईचं दुकान चालवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. वरचा मजला रिकामा झाला होता, जिना टेकूवर होता. काका तिसऱ्यांदा नोटीस घेऊन गेले तेव्हा त्यांनी मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "साहेब, सामान मी आजच काढतो. पण ही खोली माहीच हाय, असं तुमी लिहून द्या."

असं लिहून देण्याचा अधिकार अभियंत्याला नसतो. मालकी आणि भाडेहक्क ठरवणं न्यायालयाचं काम. पण काय पाहिलं आणि काय मोजलं ते लिहिण्याचा अधिकार असतो. काकांनी टेप काढला. खोलीची लांबी, रुंदी, दाराची दिशा, वीजमीटरचा क्रमांक, आत कोण आहे, कधीपासून आहे असं तो सांगतो, सगळं पंचनाम्यात घेतलं. शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, मालकाच्या माणसालाही सही करायला लावली आणि एक प्रत म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि त्याच संध्याकाळी मशीन बाहेर निघालं. पोलीस बंदोबस्त लागला नाही, वीजही तोडावी लागली नाही.

त्यानंतर काकांनी ही सवयच करून घेतली. आधी मोजणी, मग नोटीस. वरिष्ठ हसायचे, पाडायच्या इमारतीचा नकाशा कशाला काढता म्हणून. पुढं मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली मुंबईतल्या धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, तेव्हा इमारत रिकामी करण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून नोंदवण्याची बाब त्यांत आली आणि पुढच्या शासकीय सूचनांतही उतरली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, आणि तो आपल्याच राज्यातल्या प्रकरणात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेनं एक जीर्ण इमारत पाडली होती. इमारतच उरली नाही तर भाडेकरू कसला, असा मालकाचा दावा होता. न्यायालयानं तो मानला नाही. भाड्यानं दिलेल्या जागेत इमारतीबरोबर जमीनही येते, त्यामुळे इमारत पाडली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही, असं ठरलं. काका या निकालाची झेरॉक्स प्रत पिशवीत ठेवत. भाडेकरूला पुढं कोर्टात जावं लागणारच होतं, पण निदान आज रात्री वाड्यात न झोपता जाता येत होतं.

दोन अहवालांचा तिढा याहून अवघड. मालक एका संरचना अभियंत्याचा अहवाल आणतो, इमारत पाडण्याजोगी. भाडेकरू वर्गणी काढून दुसऱ्याचा आणतात, दुरुस्तीनं भागेल. दोन्हींवर शिक्के, दोन्हींत काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे. मुंबईत कुर्ल्याच्या नाईक नगरमधल्या इमारतीला महापालिकेनं २०१३ पासून नोटिसा दिल्या होत्या. नंतर रहिवाशांच्या बाजूनं आलेल्या तपासणी अहवालावरून तिची प्रत खाली आली, म्हणजे पाडण्याऐवजी दुरुस्ती. २७ जून २०२२ च्या रात्री ती कोसळली आणि १९ माणसं गेली. असे परस्परविरोधी अहवाल आले की ते तांत्रिक सल्लागार समितीपुढं ठेवायचे अशी पद्धत मोठ्या महापालिकांत आहे. लहान नगरपरिषदेत अशी समिती बसवायची तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाला पत्र जातं, शुल्क कोण भरणार यावर महिना जातो, आणि तोवर मृग लागतो. काका त्या दिवसांत रोज एक फेरी मारून काचेच्या पट्ट्या पाहून येत. समितीला वेळ लागणार हे त्यांना मान्य होतं. तेवढ्यात निदान टेकू तरी द्या, एवढाच त्यांचा आग्रह असे.

टेकूवरून ते अमरावतीचं सांगतात. ३० ऑक्टोबर २०२२ ला शहराच्या भर मध्यवस्तीत, प्रभात चौकात, राजेंद्र लॉजची जुनी इमारत खालच्या दुकानात दुरुस्तीचं काम चालू असताना कोसळली आणि ५ जण दगावले. इमारत जीर्ण असल्याची नोटीस महापालिकेनं आधीच दिलेली होती. बुलडाणा जिल्हा अमरावती विभागातच येतो, त्यामुळे त्या आठवड्यात वऱ्हाडातल्या सगळ्या नगरपरिषदांत याद्या पुन्हा निघाल्या. जिचा कप्पा 'पाडा' असा आहे त्या इमारतीत कुणी 'दुरुस्ती' करायला घेतली, तर तिथं सगळ्यांत आधी मजूर मरतो. त्याचं नाव भाडेकरूंच्या यादीत नसतं, मालकांच्याही नसतं.

आणि पालिका स्वतःच मालक असली तर? २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी मुंबईत डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली. ती महापालिकेची होती. तिच्यात महापालिकेचेच कर्मचारी कुटुंबांसह राहत होते. ६१ जण गेले. तिथं नोटीस देणारा, घेणारा आणि पर्यायी घर देणारा एकच होता. भाडे नियंत्रण कायद्याची आडकाठी नव्हती, मालकाचा लोभ नव्हता. तरी निर्णय वेळेत झाला नाही. काकांच्या मते या घटनेनं सगळ्यांची एक सोयीची समजूत मोडायला हवी होती. मालक-भाडेकरूंचं भांडण नसलं तरी इमारत रिकामी होत नाही, जर रिकामी करणाऱ्याच्या हातात त्याच दिवशी दुसरी किल्ली नसेल.

गावाकडं आल्यावर काकांना वाटलं होतं की आता ही फाइल सुटली. झालं निराळंच. घाटावरच्या खेड्यांत नोटीस द्यायला नगरपरिषद नाही, पण पडायला आलेल्या भिंती आहेतच.

पहिली गोष्ट सार्वजनिक इमारतींची. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली शिकस्त झाली तर ती गावाला नुसती पाडता येत नाही. तिचं निर्लेखन, म्हणजे सरकारी नोंदीतून रीतसर कमी करणं, व्हावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अभियंत्याचा पाहणी अहवाल, मूल्यांकन, जिल्हा परिषदेची मंजुरी, मग साहित्याचा लिलाव. सरकारी मालमत्ता कुणी परस्पर विकू नये म्हणून ही वाट आखलेली आहे आणि ती चुकीची नाही. पण तेवढ्या काळात खोलीला कुलूप लावून ठेवायचं आणि मुलं तिच्या सावलीला खेळायची, असं राज्यभर चालतं. अहमदनगरजवळ निंबोडीला ७ ऑगस्ट २०१७ ला शाळेचं छत वर्गावर आलं, ३ मुलं गेली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला २५ जुलै २०२५ ला ७. काका आता कुठल्याही गावच्या शाळेत कार्यक्रमाला गेले की मुख्याध्यापकांना एकच विचारतात: कुलूप लावलेल्या खोलीभोवती कुंपण आहे का? भिंत जेवढी उंच, निदान तेवढं अंतर चहूबाजूंनी सोडून.

दुसरी गोष्ट घरांची. या भागात जुनं घर म्हणजे धाब्याचं. मातीच्या जाड भिंती, त्यावर सागवानी किंवा बाभळीच्या तुळया, वर बारीक लाकडं, तुराट्या किंवा पऱ्हाट्या अंथरून त्यावर माती, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात हे घर गार राहतं. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकून चोपायची, म्हणजे गळत नाही. जुना थर कुणी खरवडून काढत नाही. घराची जितकी निगा राखावी तितकं छत जड होत जातं. एक फूट जाडीच्या मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतं, भिजल्यावर त्याहून जास्त. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर साडेपाच टनांहून अधिक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या गावांत एवढी हजारो माणसं गेली, त्याचं एक मोठं कारण असली मातीची छतं आणि दगडमातीच्या सैल भिंती हेच होतं.

काकांच्या चुलत घराण्याचा असाच एक जुना वाडा गावात आहे. आता त्यात त्यांच्या नात्यातल्या एक काकू एकट्याच राहतात. मागची भिंत मध्यावर पोट काढून बाहेर आली आहे, हे काकांनी ओळंबा सोडून पाहिलं. त्यांना हे शहरातल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा सोपं वाटलं. भाडेकरू नाही, बिल्डर नाही, सगळे रक्ताचे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला पाहिलं तर वारसांची रांग लागलेली. एक पुण्यात, एक सुरतेत, दोघी बहिणी सासरी, एकाचं नावच चढवायचं राहिलेलं.

फोन सुरू झाले. पुण्याचा पुतण्या म्हणाला, काका, पाडा की, विचारता काय. पाडल्यावर जागेची वाटणी कशी, असं विचारलं तर म्हणाला, ते मग दिवाळीत बसून बघू. थोरल्या बहिणीनं स्पष्ट सांगितलं, "भिंत उभी हाय तवर माहेर हाय. पाडली का मंग कोन इचारते?" सुरतेच्या भावाला घरकुल हवं होतं. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण जागा एकाच्या नावावर हवी किंवा इतरांची संमती हवी. एकानं तर हिशेबच मांडला. पावसानं पडलं तर तलाठी पंचनामा करतो, पडझडीची मदत मिळते. आधीच आपण पाडलं तर कोण काय देणार? हे ऐकून काका चिडले नाहीत. नियम खरंच तसाच आहे. पडलेल्या घराला मदत आहे, पडण्याआधी उतरवलेल्या घराला नाही. काकूंना कुणी फोन लावला नव्हता.

काकांनी नगरपरिषदेतली जुनी रीत इथं लावली. टेप घेऊन वाडा मोजला, चारही बाजूंच्या हद्दी शेजाऱ्यांना उभं करून दाखवल्या, ओसरी, देवघर, बळद, न्हाणी, सगळं एका कागदावर काढलं. कुणाचा चुलीचा कोपरा कुठला होता, हेही काकूंना विचारून लिहिलं. खाली सर्व वारसांची नावं, सासरी गेलेल्या बहिणींचीसुद्धा, आणि एक ओळ की वाडा उतरवल्यानं कुणाचाही हिस्सा कमी-जास्त होत नाही. हा काही कायदेशीर दस्त नव्हे, हे त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. कागद व्हॉट्सॲपवर फिरला. सह्यांचे फोटो एकेक करून आले. थोरल्या बहिणीनं सही करण्याआधी देवघराची लांबी पुन्हा मोजायला लावली.

काकूंना गल्लीतच, दोन घरं सोडून, एक खोली मिळाली. भाडं पुतण्यानं भरायचं ठरलं. ती खोली पक्की झाल्यावरच त्या उठल्या, आणि उठताना जात्याची पाळ सोबत नेली.

आता धाब्यावरची माती आधी काढायची आहे, कारण वरचं वजन उतरलं की निम्मा धोका टळतो. जेसीबी लावायचा नाही. मागची भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे, धक्का बसला तर त्याचंही घर खाली येईल. मजुरांकडून वरून खाली, थराथरानं उतरवायचं आणि शेजाऱ्याच्या बाजूनं बल्ल्यांचे टेकू द्यायचे. मजुरीचे पैसे जमले आहेत. जागेबद्दल सगळ्यांनी सही केली आहे. सागवानी तुळया कुणी न्यायच्या, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही, आणि काकांनी त्या मोजून, खडूनं क्रमांक टाकून ठेवल्या आहेत.